फणसाच्या फळीचे अकरा ठसे

माझ्या प्रबंधात या ठशांचं एकही छायाचित्र नाही. सरांनी विचारलं तेव्हा मी नुसतं "नाही मिळालं" म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं. म्हणून जे पाहिलं ते इथे लिहून ठेवते आहे. वाडीचं आणि घराचं नाव लिहिणार नाही, कारण त्या घरच्या मावशींनी तसं सांगितलं आहे.

मी कोल्हापूरला चित्रकलेच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. बापू, म्हणजे माझे वडील, सुतार. दारं, खिडक्या, पूर्वी बैलगाड्यासुद्धा करायचे. प्रबंधाचा विषय मी धीर करून निवडला होता: आधुनिक जपानी लाकूडठशांमधलं अमूर्तीकरण. बापूंना सांगितलं तर ते म्हणाले, "लाकडावर चित्र कोरायचं ते कळलं. पण चित्र नसलेलं चित्र कोरायचं म्हणजे काय गं?" मी सगळे ठसे मोबाईलच्या पडद्यावर पाहिलेले होते. खरा कागद एकदाही पाहिला नव्हता.

सर म्हणाले, गुहागरकडच्या किनाऱ्यावर एक निवृत्त खलाशी आहेत. त्यांच्या घरात तीन अस्सल जपानी ठसे आहेत, बघून ये.

खाडीपलीकडे

आंबा घाट उतरून हातखंब्याला एसटी बदलली, रत्नागिरीत पुन्हा बदलली आणि जयगडला फेरीबोटीपाशी पोचेपर्यंत दुपार झाली. पितृपक्ष संपत आला होता. अमावास्येला दोन दिवस होते आणि पाऊस अजून गेला नव्हता. बोटीत मी कडेला उभी राहिले ही चूक झाली. मधोमध आल्यावर एक लाट अशी उडाली की कागदांची पिशवी चिंब झाली. सहा महिने जपलेला हातकागद त्यात होता. मी रडकुंडीला आलेली पाहून तिकिटवाला म्हणाला, "समुद्र बघायला आलीस ना? मग तो पन तुला बघनार." त्याच्या बोलण्याला वर जाऊन खाली येणारा हेल होता. आमच्याकडे बोलणं सरळ रेषेत चालतं. पुढचे तीन दिवस मला प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं ऐकू येत राहिलं.

पलीकडे ते खलाशी, तात्या, स्वतः न्यायला आले होते. सत्तरी ओलांडलेले, बारीक, कानात बाळी. त्यांनी ओली पिशवी हातात घेतली, कागदाला अंगठा लावला आणि म्हणाले, "बरं झालं. कोरडा कागद ठसा घेत नाय. म्हातारा आदल्या राती कागद ओला करून ठेवायचा."

म्हातारा म्हणजे जपानातल्या कोबे बंदराचा. तात्यांचं मालवाहू जहाज एकदा तिथे दुरुस्तीला पाच महिने अडकलं होतं. गोदीमागच्या गल्लीत ठसे काढणाऱ्या एका वृद्धाकडे ते झाडलोट करायला जाऊ लागले आणि तिथेच शिकले. त्याचं नाव त्यांनी मला सांगितलं नाही. ते त्याला नुसतं म्हातारा म्हणतात, आणि आता स्वतः त्याच्याहून मोठे आहेत.

तीन कागद

घर लहान, चिऱ्याचं, पुढे पडवी. तात्यांच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, पाय धुवायला पाणी दिलं आणि लगेच जेवायला बसवलं. भात आणि कुळथाची पिठी. मी म्हटलं, आमच्याकडे याला हुलगे म्हणतात.

"तुमच्याकडं ते बैलाला घालतात म्हनं," मावशी म्हणाल्या.

"माडगं करून आम्ही पण पितो," मी म्हटलं.

"मग बैलाच्या आधी का मागनं?"

तात्या हसले. मीही हसले. त्या घरात तीन दिवसांत तेवढंच हसू झालं.

जेवल्यावर तात्यांनी पत्र्याच्या पेटीतून तीन जपानी ठसे काढले. पहिल्यात कोऱ्या कागदावर एक काळा आकार होता, डोंगर म्हणावा तर डोंगर नाही, पाठ म्हणावी तर पाठ नाही. त्याच्यावरून लाकडाच्या रेषा पाण्यासारख्या गेल्या होत्या. दुसऱ्यात अर्धा बुडालेला लाल गोल. तिसरा कागद कोरा होता. मी तो बाजूला ठेवायला लागले तर तात्यांनी तो दाराशी नेऊन तिरका धरला. उजेड आडवा पडला आणि कागदात उठाव दिसू लागले. शाई न लावता नुसत्या दाबाने उठवलेला ठसा.

"म्हातारा म्हनायचा, रंग काडून घेतला तरी दाब राहतो."

मी वाचलेलं सांगितलं. पूर्वी तिथे चित्र काढणारा एक, कोरणारा दुसरा, छापणारा तिसरा असे. पुढच्या काळात काही जणांनी सगळं एकाच हाताने करायचं ठरवलं. मग कोरणाऱ्याला लाकूड बोलू लागलं आणि हळूहळू चित्रातली माणसं, घरं, पूल निघून गेले. लाकडाची रेष, दोरीचा, पानाचा छाप एवढंच उरलं. तात्या लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मानसं निघून जातात असं लिवलंय पुस्तकात?"

"हो."

"बरं," ते म्हणाले आणि पेटी बंद केली.

त्यानंतर मी पडवीच्या आतल्या भिंतीकडे पाहिलं. तिथे ओळीने अकरा ठसे टांगलेले होते. सगळे करड्या शाईचे, सगळे एकाच फळीचे. पहिल्यात उभ्या रेषा आणि मधे मोहरीएवढा काळा ठिपका. दुसऱ्यात ठिपका वाटाण्याएवढा. तिथून पुढे प्रत्येक कागदात तो वाढत गेला होता. रेषा त्याच्याभोवती वळून दोन्हीकडे खांद्यासारख्या उतरत होत्या. अकराव्यात तो वीतभर उंच होता. मी ठरवून त्यात काही बघणार नव्हते. आम्हाला तसंच शिकवतात, आकार बघा, गोष्ट शोधू नका. पण सातव्या कागदापाशी माझे पाय आपोआप मागे सरले.

मावशी भांडी घेऊन त्या भिंतीपुढून गेल्या. जाताना त्यांनी भिंतीला लागून अंग चोरलं, जसं कुणी वाटेत उभं असलं की आपण चोरतो.

"हा पैला, तेवा तो पार खडकापलीकडं होता," त्या बोटाने दाखवत शांतपणे म्हणाल्या. "हितं माडांच्या रांगेला आला. गेल्या साली पायरीला होता. म्हनून मी ती बाज हलवली. वाटेत येत होती."

मी पायरीकडे वळून पाहिलं. पडवीच्या पायरीपासून माजघराच्या दारापर्यंतची जागा खरंच मोकळी ठेवलेली होती. तिथे एक पाट नाही, टोपली नाही.

खडकापर्यंत

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या मला पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूतून, खडकापर्यंत घेऊन गेले आणि त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा दिनू. बारा वर्षांपूर्वी भाद्रपदात छोटी होडी घेऊन एकटाच जाळं टाकायला गेला. परत आला नाही. आठव्या दिवशी खाडीच्या तोंडाशी एक फळी लागली. फणसाची, एका अंगाला हिरवा रंग. ती तात्यांनीच होडीच्या डागडुजीत बसवलेली होती, त्यामुळे ओळखायचा प्रश्न नव्हता. माणूस सापडला नाही तर बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा न् पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा अशी रीत आहे. ती बारा वर्षं आता भरली. उद्याची अमावास्या ठरवली होती. भटजी यायला तयार होते. मावशी तयार नव्हत्या.

"ती म्हनते, येतोय तो. जवळ आलाय. पुढल्या साली घरात येल. त्याला कसा जाळू?" तात्या वाळूत बघत बोलत होते. "माजं काय खरं नाय आता. हात कापतो. बापानं दिलेला अग्नी त्याला मिळायला होवा. येवडंच उरलंय माजं."

फळी त्यांनी घरात आणली होती. पहिलं वर्ष भरलं त्या सुमाराला, काहीतरी करायचं म्हणून, तिचा ठसा काढला. फळी इतकी खार प्यायलेली होती की अमावास्या-पुनवेच्या उधाणाला आपोआप पाझरायची, शेजारी पाणी नसताना. त्या दिवशी ठसा चांगला उठे. दर वर्षी ते आधी रंधा मारून जुनी शाई काढत. ठिपकाही निघून जाईल असं त्यांना वाटलं होतं. तो दर वर्षी मोठा होऊन वर आला.

"मी तासतो, तो येतो. मी आनखी तासतो, तो आनखी येतो," ते म्हणाले. मग चालायचे थांबले. "तू परकी हायस. ती तुला इचारनार, काय दिसतं म्हनून. तिचं ठरलंय, परक्याला काय दिसलं नाय तर ती मानेल. गो बाय, तू कायच दिसत नाय म्हन. तुज्या पुस्तकात तसंच हाय ना?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मलाच ठाऊक नव्हतं.

प्रश्न

मावशींनी विचारलं ते दुपारी, घावणे घालताना. तव्यावरून नजर न काढता.

"शिकलेली हायस. त्या शेवटच्या कागदात काय हाय?"

तात्या पडवीत होते. त्यांचं खोकणं थांबलेलं मला ऐकू आलं. मी उठून अकराव्या कागदासमोर उभी राहिले. वारा नव्हता, समुद्राचा आवाजही भिंतीपलीकडून आल्यासारखा येत होता. मी स्वतःशी म्हटलं, करडी शाई आहे, रेषा आहेत, मधे काळा लंबगोल आहे. हे सगळं खरं होतं आणि हेच बोलायचं होतं.

"माणूस दिसतो," मी म्हटलं.

"तोंड हिकडं का पाठ?"

"ते कळत नाही, मावशी."

"मलाबी नाय कळत," त्या म्हणाल्या आणि घावण उलटलं. "पुढल्या कागदात कळेल."

जेवताना तात्यांनी माझ्या पानात वाढलं, पण माझ्याकडे बघितलं नाही. आमच्या घरी राग आला की बापू आरडाओरडा करतात आणि अर्ध्या तासात विसरतात. इथे कुणी आवाज चढवला नाही आणि ते मला जास्त जड गेलं. खोटं बोलले असते तर एका म्हाताऱ्या माणसाचं शेवटचं मागणं पुरं झालं असतं. मी आकार बघायला आले होते आणि गोष्ट सांगून बसले होते.

फळी

अमावास्येची सकाळ. बारावा ठसा काढायचा होता. पुतळ्याला नाही म्हटलं तरी मावशींनी तेवढं मानलं होतं. तात्यांचा हात कापत होता, म्हणून कागद घोटायचं काम मी करायचं ठरलं.

मागच्या पडवीत त्यांनी फळी आणली. मी तिला पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. हातभर लांब, पिवळट, रंध्याने पातळ झालेली. पाऊस थांबून दोन दिवस झाले होते, तरी तिच्या अंगावर घामासारखे थेंब होते. बोट लावून जिभेला लावलं. खारट. खारं लाकूड हवेतला ओलावा ओढतं हे मला कळत होतं. तरी हात मागे घेतला.

तात्या रंधा मारत होते तेव्हा मी सवयीने फळीचं टोक बघितलं. लहानपणी बापूंच्या शेजारी बसून मी हेच करायचे. टोकाला झाडाच्या वर्षांची वर्तुळं अर्धवट दिसतात. ती कुठे वाकली आहेत त्यावरून गाभ्याकडची बाजू कुठली आणि सालीकडची कुठली ते समजतं. मी ती वर्तुळं दोनदा बघितली.

"तात्या, ही गाभ्याकडची बाजू आहे."

"मग?"

"गाठ म्हणजे फांदी असते. ती गाभ्यात टोकासारखी सुरू होते आणि सालीकडे रुंद होत जाते. तुम्ही या बाजूने तासत गेलात तर ती मोठीच होत जाणार. कुणी तासली असती तरी झाली असती." मी एका दमात बोलले. मग हळू आवाजात म्हटलं, "कुणी जवळ येत नाहीये, तात्या. पलीकडच्या अंगाला ती पहिल्यापासून मोठी असणार. उलटून बघूया का? मावशींना दाखवता येईल."

मला वाटलं होतं त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"उलटू नको."

"पण तात्या..."

"नको म्हनतो ना. बारा वर्सात मी नाय उलटली."

"उलट गो," मागून आवाज आला. मावशी दारात उभ्या होत्या. किती वेळ ते माहीत नाही.

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी रंधा खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी फळी उलटली.

त्या बाजूला हिरव्या रंगाचे पापुद्रे होते आणि मधे खळगा होता. दीड वीत लांब, अकराव्या कागदातल्या माणसाच्याच आकाराचा, पण मोठा, पूर्ण, खांद्यापासून पायापर्यंत. बापू दोन गाठी ओळखतात. जिवंत फांदीची गाठ लाकडाला धरून राहते. वाळून मेलेल्या फांदीभोवती झाड नुसतं वाढत जातं. ती गाठ लाकूड धरत नाही, कधीतरी निखळते. ही आतून जिवंत होती आणि बाहेरून मेलेली. बाहेरचा भाग गळून गेला होता. खळग्याच्या कडेला वाळकं डांबर आणि कापसाचे धागे चिकटलेले होते. कुणीतरी ती भरून घेतली होती. कुणी, ते विचारायची गरज नव्हती.

"काड ठसा," मावशी म्हणाल्या.

मी सुटे हिरवे पापुद्रे तेवढे काढले, शाई लावली, माझा फेरीबोटीत भिजलेला कागद ठेवला आणि वेळूच्या पानाने मढवलेल्या चकतीने मागून घोटत गेले. हाताखाली रेषा लागत होत्या आणि मधे एकदम काहीच लागत नव्हतं. कागद तिथे नुसता आत जात होता. उचलला तेव्हा सगळीकडे करड्या रेषा होत्या आणि मधे माणसाएवढं वाटणारं पांढरं. शाई नाही, रेष नाही.

मावशींनी कागद दोन हातांत घेतला. बराच वेळ बघितला.

"हितं कोन नाय," त्या म्हणाल्या.

तात्या बोलू लागले ते इतकं हळू की मला पुढे वाकावं लागलं. "आतनं धड होती. भायरनं मेलेली दिसत होती. मी डांबर भरलं. म्हटलं, येवडा हंगाम काडेल."

"मला ठाव हाय," मावशी म्हणाल्या. "मी तितंच होते, चूल पेटवत. दिनूनं इचारलं, बाबा, ही गाठ? तुमी म्हनालात, चालेल."

तात्यांनी मान वर केली.

"बारा वर्सं मी म्हनतेय तो येतोय. तुमी येकदा तरी म्हनायचं होतं, नाय येनार, ती गाठ माज्या हातची. येकदा. मग कवाच सोडला असता मी त्याला. तुमी नुसते तासत बसलात."

होडी त्या गाठीनेच बुडाली का, हे कुणीच सांगू शकणार नाही. वारा असेल, खडक असेल. ते दोघं मला विसरले होते.

"माज्या हातची," तात्या म्हणाले.

मावशींनी कागद गुंडाळला. "भटजींना निरोप धाडा," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन पदर खोचून तात्यांनी आणून ठेवलेली पळसाची पानं धुवायला बसल्या. मीही शेजारी बसले. पानं मोजून लावायची असतात. कुठल्या अवयवाला किती ते मावशी सांगत होत्या आणि मी रचत होते. त्यांना सगळं पाठ होतं.

पुळण

दुपारी भरती उतरल्यावर पुळणीवर गेलो. तिकडे बायका अशा वेळी जात नाहीत. आमच्याकडेही नाही. मावशी काही न विचारता पुढे चालत गेल्या, म्हणून मीही गेले आणि सुरूच्या झाडांपाशी थांबले. भटजींनी एकदा मागे बघितलं आणि ते पुढे चालू लागले.

लाकडांवर पुतळा ठेवला. अकरा ठसे मावशींनी सोबत आणले होते. बारावाही. एकेक करून त्यांनी ते पुतळ्याच्या खाली सरकवले आणि वर फळी ठेवली, हिरवा रंग आकाशाकडे. मी काही मागितलं नाही. मागावंसं वाटलं होतं, हे लिहायला मला लाज वाटते.

तात्यांच्या हातातली चूड इतकी हलत होती की दोनदा विझली. तिसऱ्यांदा पेटली. कागद आधी गेले. फळी बराच वेळ नुसती धुमसली, कडेने पाणी सोडत. मग तिने पेट घेतला आणि ज्वाळ हिरवी निघाली, निळसर हिरवी, दिवसाउजेडी स्पष्ट दिसणारी. खारं लाकूड तसं जळतं असं नंतर बापूंनी फोनवर सांगितलं. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. भटजी मंत्र म्हणताना अडखळले आणि दोन पावलं मागे गेले. आग खळग्याच्या कडेने फिरत होती. सगळी फळी पेटलेली आणि मधे तो आकार तेवढा काळा, उभा.

तात्यांनी तोंड फिरवलं, समुद्राकडे.

मावशी त्यांच्याजवळ गेल्या. चारचौघांत त्यांनी त्यांचा हात धरला आणि त्यांना आगीकडे वळवलं.

"बगा," त्या म्हणाल्या. "मी हाय हितं. बगा."

तात्यांनी बघितलं. फळी मधोमध तुटून दोन्हीकडे पडेपर्यंत ते बघत राहिले, आणि तोवर मावशींनी त्यांचा हात सोडला नाही.